दुरून चालणारा माउस

उरण-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर, कमावती पिढी बाहेरगावी आणि वडीलधारी मंडळी गावच्या घरात, ही विभागणी फार जुनी आहे. अलिबाग तालुक्यातील माणसे मुंबई, ठाणे, पुण्यात नोकऱ्या करतात; श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातील अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांतील कर्ते पुरुष आखाती देशांत असतात; आणि ज्या बेने इस्रायली समाजाची मूळ गावे याच किनाऱ्यावर आहेत, त्याचा मोठा भाग १९४८ नंतर इस्रायलला गेला. मनिऑर्डर, पत्र आणि मग फोन यांनी हे अंतर आपापल्या परीने सांभाळले. संगणक या घरांत बराच उशिरा आला, परंतु आल्यावर त्याने एक नवीच गरज निर्माण केली, कारण पैसे पाठवून किंवा खुशाली विचारून बिघडलेला संगणक सुरू होत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाचा हात त्या यंत्रापर्यंत पोहोचावा लागतो.

ही यंत्रे काही हौसेपुरती राहिलेली नाहीत. थळच्या खत कारखान्यातून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला निवृत्तीवेतनाची कागदपत्रे पाहायची असतात, वाडीच्या मालकाला सातबाऱ्याचा उतारा काढायचा असतो, आणि नागाव, किहीम किंवा दिवेआगरला पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या कुटुंबाला आलेल्या नोंदणीचे उत्तर त्याच दिवशी द्यावे लागते. अडचण बहुतेक वेळा किरकोळ असते. संकेतस्थळाची नवी खिडकी ब्राउझरने अडवलेली असते, प्रिंटर बंद असल्याचे संगणक परस्पर ठरवून टाकतो, किंवा विंडोजची कळ आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेल्याने कीबोर्डची भाषा बदलते आणि इंग्रजी पासवर्डाच्या जागी देवनागरी अक्षरे उमटू लागतात. समोर बसलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात सुटणारी ही गाठ केवळ फोनवर बोलून सोडवताना मात्र दोन्हीकडचा संयम संपतो, कारण ज्याला अडचण आली आहे त्याच्याकडे ती सांगण्यासाठी लागणारे शब्द नसतात आणि ज्याच्याकडे शब्द आहेत त्याला पडदा दिसत नाही. मुंबईहून अलिबाग रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर आहे, गेटवे ते मांडवा ही लाँच पावसाळ्यात बंद असते, आणि कुवेत किंवा दुबईहून येणे तर वर्षातून एखाद्या वेळचे. म्हणून पडदाच दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवण्याची सोय येथे खरोखर उपयोगाची ठरते.

या सोयीला दूरस्थ साहाय्य म्हणतात. तिचे तत्त्व साधे आहे: एका संगणकाच्या पडद्यावरचे चित्र इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकावर दाखवायचे, आणि दुसऱ्या संगणकावर दाबलेल्या कळा व हलवलेला माउस यांची माहिती उलट दिशेने पहिल्याकडे आणायची. प्रत्येक क्षणी सगळा पडदा नव्याने पाठवला जात नाही. मुख्यतः त्यातला बदललेला भागच संकोचून पाठवला जात असल्यामुळे स्थिर कागदपत्र पाहताना डेटा व्हिडिओ कॉलपेक्षा कमी लागतो. घरातला राउटर, म्हणजे इंटरनेटची जोडणी घरातील यंत्रांत वाटून देणारी पेटी, बाहेरून आलेल्या अनोळखी जोडणीला सहसा आत घेत नाही, म्हणून दोन्ही संगणक आपण होऊन मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतात आणि तो सर्व्हर एका संकेतांकाच्या आधारे त्यांची गाठ घालून देतो. कल्पना जुनी आहे. केंब्रिजमधील एका संशोधन प्रयोगशाळेने व्हीएनसी नावाची प्रणाली १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत मायक्रोसॉफ्टने ‘रिमोट असिस्टन्स’ अंगभूत दिले. परंतु तेव्हा दोन्ही टोकांना बरीच तांत्रिक जुळवाजुळव करावी लागे आणि गावाकडे त्यासाठी पुरेशा वेगाचे नेटही नव्हते.

आज दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर सर्वांत सोयीचे साधन त्या प्रणालीबरोबरच येते. त्याचे नाव ‘क्विक असिस्ट’. ते २०१६ पासून उपलब्ध आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्याची रचना घरगुती मदतीला विशेष अनुकूल आहे, कारण मायक्रोसॉफ्टचे खाते फक्त मदत करणाऱ्याला लागते. मदत घेणाऱ्याला कोणतेही खाते किंवा पासवर्ड आठवावा लागत नाही. पुण्यातील भाचा आपल्या संगणकावर हे साधन उघडून खात्यातून प्रवेश करतो आणि ‘हेल्प समवन’ हा पर्याय निवडतो. त्याला एक संकेतांक मिळतो, जो १० मिनिटेच चालतो. नागावच्या आत्या कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकत्र दाबतात, त्यांच्याकडे तेच साधन उघडते, भाच्याने फोनवर सांगितलेला संकेतांक त्या चौकटीत भरतात आणि पडदा दाखवण्यास परवानगी देतात. एवढ्याने भाच्याला पडदा फक्त दिसतो. माउस हाती हवा असेल तर त्याला वेगळी विनंती करावी लागते आणि आत्यांना पुन्हा एकदा ‘अलाऊ’ म्हणावे लागते.

ही दोन पायऱ्यांची परवानगी अनेकांना कटकटीची वाटते, पण या साधनाचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. पाहणे आणि चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ वेळा पाहणे पुरते. क्विक असिस्टमध्ये मदतनिसाला नियंत्रण न घेताही पडद्यावर एक ठळक ठिपका फिरवता येतो, ज्यामुळे “उजवीकडे वर, छोट्या चौकोनाशेजारी” अशा वर्णनाऐवजी नेमकी जागा दाखवता येते आणि माउस घरच्याच हातात राहतो. आणखी एक गोष्ट मदत करणाऱ्याने आधीच सांगून ठेवावी. नवा प्रोग्राम बसवताना किंवा महत्त्वाची मांडणी बदलताना विंडोज सुरक्षिततेसाठी एक वेगळा, झाकलेला पडदा पुढे करून संमती विचारते. त्या क्षणी मदतनिसाला समोर फक्त काळे दिसते आणि ‘येस’ हे बटण घरच्या माणसालाच दाबावे लागते. हे ठाऊक नसेल तर पुण्यातला माणूस नेट गेले असे समजून सगळे बंद करतो, नागावचा माणूस उत्तराची वाट पाहत राहतो, आणि जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

मदत करणाऱ्याकडे ॲपलचा संगणक असेल किंवा केवळ फोन असेल, तर गूगलचे ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ उपयोगी पडते. तेही विनामूल्य आहे. मदत घेणाऱ्याने क्रोम ब्राउझरमध्ये या सेवेचे पान उघडून एक छोटा सहायक प्रोग्राम एकदा बसवायचा आणि मग संकेतांक तयार करायचा. तो १२ अंकी असतो, एकदाच चालतो आणि ५ मिनिटांत रद्द होतो. येथे संकेतांक घरच्या माणसाकडून मदतनिसाकडे जातो, म्हणजे क्विक असिस्टच्या अगदी उलट, आणि हा फरक दोघांनी ध्यानात ठेवला नाही तर दोघेही एकमेकांच्या अंकांची वाट पाहत बसतात. सत्र लांबले तर ठरावीक वेळाने पडदा अजून दाखवायचा आहे का, असे मालकाला पुन्हा विचारले जाते. याच सेवेत कायमस्वरूपी प्रवेशाचीही सोय आहे, जिच्यात गुप्त पिन ठरवून दिला की मालक समोर नसतानाही संगणक उघडता येतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा कळा दाबणे शक्य नसलेल्या नातेवाइकासाठी ती सोय समजण्यासारखी आहे. एरवी, केवळ मदतनिसाचा वेळ वाचावा म्हणून दुसऱ्याच्या घराचे दार असे कायम उघडे ठेवणे योग्य नाही.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क या दोन जर्मन कंपन्यांची साधने अधिक प्रसिद्ध आहेत आणि खासगी वापरासाठी विनामूल्य आहेत, मात्र व्यावसायिक वापराचा संशय आला की ती अडवणूक करतात. घरच्याच संगणकावर पर्यटकांच्या नोंदणीचा व्यवसाय चालत असेल तर अशी शंका अनाठायीही म्हणता येणार नाही. ‘रस्टडेस्क’ हे मुक्त स्रोत साधन, म्हणजे ज्याची मूळ संगणकीय आज्ञावली कोणालाही तपासता येते असे साधन, या दोहोंना पर्याय आहे आणि जाणकारांना मध्यस्थ सर्व्हरही स्वतःचा ठेवू देते. सामान्य कुटुंबाला इतक्या खोलात जाण्याचे कारण नाही.

बहुतेक घरांत मात्र अडचण संगणकापेक्षा फोनवरच अधिक येते. व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलमध्येच पडदा दाखवण्याची सोय दिली, आणि ती आधीच बहुतेक सर्वांच्या हाती असल्याने नवे काही बसवावे लागत नाही. तिच्यात दुसऱ्याला नियंत्रण देता येत नाही, केवळ पाहता येते. ही उणीव नसून घरगुती वापरात गुणच आहे. केवळ ओटीपी, म्हणजे व्यवहारासाठी येणारा एकवेळचा गुप्त अंक, किंवा बँकेचे ॲप त्या वेळी पडद्यावर येणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

दोन सिमकार्डांचा एक घोळ किनाऱ्यावरच्या गावांत वारंवार आडवा येतो. पुष्कळ जण एका कंपनीचे सिम बोलण्यासाठी आणि दुसऱ्या कंपनीचे नेटसाठी ठेवतात, कारण एकीची रेंज ओटीवर येते तर दुसरीची माडीवर. परंतु बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमवर बोलणे सुरू होताच दुसऱ्या सिमवरचे नेट थांबते. संगणकाला त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून नेट मिळत असेल, तर संकेतांक सांगण्यासाठी केलेला फोनच जोडणी तोडतो, आणि दोष मात्र साधनाला दिला जातो. अशा वेळी व्हॉट्सॲपवरून बोलावे, ज्या सिमवर नेट आहे त्याच सिमवर फोन घ्यावा, किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवरून बोलावे.

येथवर जे सांगितले ते सर्व, अक्षरही न बदलता, चोरालाही लागू पडते. नातेवाईक आणि भामटा एकच साधन वापरतात, तेच संकेतांक विचारतात आणि त्याच बटणांवर परवानगी मागतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचा वापर करून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा दिला होता. क्विक असिस्टही त्यातून सुटलेले नाही. मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने, तांत्रिक मदतनीस असल्याचे भासवून फोन करणारी एक टोळी त्याच साधनाचा आधार घेत असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २०२२ च्या सुमारास घरोघरी आलेला संदेश पुष्कळांना आठवत असेल: मागील बिल भरलेले दिसत नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर संपर्क साधा. त्या क्रमांकावर फोन केला की बिल अद्ययावत करण्याच्या नावाखाली पडदा दाखवणारे ॲप बसवायला सांगितले जाई, मग किरकोळ रक्कम भरायला लावली जाई, आणि त्या वेळी टाइप केलेले अंक दुसऱ्या टोकाला दिसत असत. महावितरणला आपण वैयक्तिक मोबाइल क्रमांकांवरून असे संदेश पाठवत नाही, असे तेव्हा वारंवार सांगावे लागले.

तेव्हा कोणते ॲप सुरक्षित, हा प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला आहे. विचारायचा प्रश्न एवढाच, की फोन कोणी केला. नागावच्या आत्यांनी आपल्या अडचणीसाठी, आपल्याकडे लिहून ठेवलेल्या क्रमांकावर, आपल्या भाच्याला फोन केला असेल तर संकेतांक देण्याघेण्यात धोका जवळपास नाही. आणि फोन समोरून आला असेल, तर तो बँकेचा असो, वीजमंडळाचा असो, पोलिसांचा असो किंवा भाच्याच्या आवाजातला असो, संकेतांक द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि लिहून ठेवलेल्या क्रमांकावर स्वतः उलट फोन करायचा. हा नियम मदत करणाऱ्यानेही पाळला पाहिजे. मोकळा वेळ मिळाला म्हणून भाच्याने आपण होऊन फोन करून “आत्या, जरा तुमचा संगणक बघतो, कोड टाका” असे म्हणणे प्रेमापोटी असले तरी त्यातून नेमकी तीच सवय लागते जिच्यावर भामटा जगतो.

फसवणूक झालीच तर क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम नेट तोडावे; राउटरची वायर ओढली किंवा फोनचा डेटा बंद केला की समोरच्याचा हात तेथेच थांबतो. मग बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. येथे घाई करण्याला कायदेशीर अर्थही आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ गुप्त अंक सांगितल्यामुळे, नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा असतो आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. लाजेपोटी मुलांना रात्री सांगू, बँकेत उद्या जाऊ, असे म्हणण्यात जो वेळ जातो तो थेट पैशांत मोजला जातो; आणि ही लाज बहुधा घरच्यांच्या रागावण्याच्या भीतीतून येत असल्याने, ती कमी करणे हे तरुणांचे काम आहे.

दूरस्थ साहाय्यात मदतनिसाला नको ते दिसण्याचाही एक प्रश्न आहे. पडदा उघडताच त्यावरचे फोटो, पत्रे, दवाखान्याचे अहवाल, बँकेची शिल्लक हे सगळे दिसू शकते, आणि वडीलधाऱ्यांना मुलासमोर किंवा सुनेसमोर ते उघडे करायचे असेलच असे नाही. सत्राआधी इतर खिडक्या बंद करायला सांगणे हा साधा शिष्टाचार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदाही मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात शिरण्याला मनाई करतो आणि त्यात नातेवाइकांचा अपवाद केलेला नाही. शिवाय दर वेळी माउस काढून घेऊन झटपट काम उरकणारा मदतनीस पुढल्या महिन्यात त्याच कामासाठी पुन्हा बोलावला जातो, तर जो ठिपका दाखवत काम करून घेतो आणि पायऱ्या वहीत मराठीत लिहायला सांगतो, त्याला बोलावणे हळूहळू कमी येते.

काही गोष्टी मात्र दुरून होतच नाहीत. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने घरबसल्या देता येतो आणि २०२१ पासून त्यासाठी चेहऱ्याची ओळखही चालते, परंतु तो चेहरा किंवा बोट त्या यंत्रासमोर प्रत्यक्ष असावेच लागते. मदतनीस फक्त वाट दाखवू शकतो. खाऱ्या, दमट हवेने गंजलेली जोडणी, विजेच्या लोळाने जळलेला राउटर, सुरूच न होणारा संगणक यांना गावातला दुरुस्तीवालाच हवा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा जुन्या यंत्राचे पुढे काय करायचे, हाही निर्णय फोनवर होण्याजोगा नाही. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले तेव्हा या किनाऱ्यावर विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे दोन्ही कोसळले. श्रीवर्धन-मुरूडच्या अनेक गावांत त्यानंतर कित्येक दिवस घरच्यांशी बोलणेही होऊ शकत नव्हते, मग पडदा दिसण्याची गोष्टच दूर. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर ठेवणे म्हणूनच या भागात जुनाट समजू नये.

गणपतीला घर भरते, मुंबई-पुण्याची मंडळी चार दिवस गावी असतात आणि दोन लॅपटॉप एकाच ओटीवर येतात. त्या सुट्टीत अर्धा तास काढून, एकाने माडीवर आणि दुसऱ्याने खाली बसून, क्विक असिस्टची जोडणी एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावी, काळा पडदा दिसला की काय करायचे ते दाखवून द्यावे, आणि मदतनिसाचा फोन क्रमांक व त्याखाली १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवावा.